कंप नसलेला कंपवात

दाढी करावी तर वस्तादांनीच, असं म्हणणाऱ्या त्या रस्त्यावर तीन पिढ्या होत्या. दुकानात फिरत्या खुर्च्या दोनच. आरशासमोरची पहिली वस्तादांची, दुसरी त्यांच्या धाकट्या भावाची. भिंतीलगतच्या बाकावर वाट पाहणारी गिऱ्हाइकं वर्तमानपत्र वाचत बसायची. धाकटा केस कापण्यात तरबेज होता, नव्या पोरांना हवे तसले कट तो बोलता बोलता मारायचा. पण उघडा वस्तरा घेऊन हनुवटीखालच्या खळग्यातून वर यायचं म्हटलं, की वस्तादांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. चाळीस वर्षांत एकाही गळ्यावर आपण रक्ताचा थेंब काढलेला नाही, हे ते स्वतःच, कुणी विचारलेलं नसताना सांगायचे. नम्रपणा हा त्यांच्या स्वभावाचा भाग कधीच नव्हता, आणि चौसष्टाव्या वर्षी तो नव्याने शिकायची त्यांची तयारीही नव्हती.

बिघडले ते पाय.

मार्चमधली सकाळ होती. आंघोळ करून बाहेर येताना वस्ताद न्हाणीघराच्या दारात उभे राहिले ते राहिलेच. एक पाय उचलायचा, पुढे टाकायचा, एवढंच काम. पण पायाला मुळं फुटावीत तसा तो जमिनीतून सुटेना. चक्कर नाही, दुखणं नाही, काही नाही.

"अहो, काय झालं?" बायकोने विचारलं. ती बस डेपोत टाइमकीपर होती. कोणती गाडी किती वाजता सुटली, किती मिनिटं उशिरा परतली, हे तीस वर्षं लिहिता लिहिता तिच्या डोक्यातच घड्याळ बसलं होतं.

"काही नाही. थांबलोय जरा."

"दारात?"

"मग काय, दारात थांबायची बंदी आहे का?"

अर्ध्या मिनिटाने पाय सुटला. पण त्या दिवसापासून चाल बदलली. पाय थोडे फाकवून, ओल्या फरशीवर चालावं तसं ते छोटी छोटी पावलं टाकू लागले. तसं चार-पाच महिने चाललं, कमी नाही, जास्त नाही. मग ऑगस्टमधल्या एका मंगळवारी रस्ता ओलांडताना ते भर रस्त्यात थिजले. दोन मोटारी आणि एक दूधवाला त्यांच्या नावाने ओरडून गेले. आणि त्या दिवसापासून पाऊल आणखी निम्मं झालं. वळायचं म्हटलं तर आठ-आठ पावलं टाकत, टेबल सरकवावं तसं स्वतःला सरकवावं लागे. घरापासून दुकान सहा मिनिटांवर. मार्चनंतर त्याला अकरा मिनिटं लागायला लागली, ऑगस्टनंतर एकोणीस. हे आकडे बायकोचे. वस्ताद म्हणायचे, "रस्त्यात गर्दी वाढलीय."

रक्तदाब त्यांना दहा वर्षांपूर्वीच सांगितला होता. गोळी ते डोकं जड झालं तरच घ्यायचे. एरवी ती आरशामागच्या कप्प्यात पडून असायची. सिगारेट मात्र नेमाने.

शेवटी बायकोने मोठ्या डॉक्टरांकडे वेळ घेतली. मेंदूच्या आजारात त्यांचं नाव असं, की बाहेरच्या खोलीत बसायला खुर्ची मिळाली तरी माणसाला अर्धं बरं वाटायचं. दोन तास थांबून आत गेल्यावर मोठ्या डॉक्टरांनी वस्तादांना खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं, हात-पाय वाकवून पाहिले, चेहऱ्याकडे बघितलं आणि लिहायला घेतलं.

"पार्किन्सन. आपल्याकडे कंपवात म्हणतात तो."

"कंपवात?" बायको म्हणाली. "पण डॉक्टर, यांना कंप कुठे आहे?"

"सगळ्यांना नसतो. या गोळ्या दिवसातून तीनदा. दोन महिन्यांनी भेटा."

"हे हळूहळू नाही हो आलं. मार्चमध्ये एकदम आणि ऑगस्टमध्ये..."

पण तोवर पुढचा रोगी दार ढकलून आत आला होता.

पुढे जे झालं त्याचा दोष वस्तादांच्या तोंडाला. दुसऱ्या दिवशी पहिल्याच गिऱ्हाइकाच्या, एका निवृत्त हेडमास्तरांच्या गालाला फेस लावता लावता ते खणखणीत आवाजात म्हणाले, "ऐकलंत का, मला कंपवात झालाय म्हणे! आहे की नाही मजा?" आणि उजव्या हातात वस्तरा उघडला.

हेडमास्तर हसले. पण हसताना त्यांचा गळा आत गेलेला वस्तादांना बोटाखाली कळला. बाकावरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातला एक घड्याळ बघत उठला, "नंतर येतो" म्हणाला, आणि तो नंतर काही उगवला नाही. पुढच्या आठवड्यात हेडमास्तर आले ते, "आज फक्त केस," असं म्हणत.

आज फक्त केस. महिनाभरात हे तीन शब्द वस्तादांनी इतक्या वेळा ऐकले की त्यांचा त्यांना वीट आला. कोणी वाईट बोलत नव्हतं. उलट सगळे प्रेमाने विचारायचे, "तब्येत कशी आहे, वस्ताद?" आणि विचारताना नजर त्यांच्या बोटांवर. बोटं तर शांत होती! पण आजाराचं नावच असं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांना ती थरथरताना दिसायची.

एका सकाळी वस्ताद दुकानात पोचले तर त्यांचा वस्तरा नेहमीच्या जागी नव्हता. धाकट्याने तो पुसून, पेटीत घालून वरच्या फळीवर ठेवला होता.

"दादा," धाकटा त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "तू काही दिवस गल्ल्यावर बस. लोक घाबरतात रे. उद्या खरंच कुणाला लागलं तर?"

"कुणाला लागलंय आजवर?"

"आजवर नाही."

"मग?"

"दादा, समजून घे ना."

वस्तादांनी समजून घेतलं नाही. "गळे कापायला शिकवलं नव्हतं मी तुला," ते म्हणाले, "तरी केसाने गळा कापलास की." दुकानात गिऱ्हाइकं होती, सगळी ऐकत होती. धाकट्याचे कान लाल झाले. वस्ताद तरातरा बाहेर पडणार होते, पण तरातरा पडायला पाय तयार नव्हते. उंबऱ्याशी ते थिजले आणि भांडण करून निघालेल्या माणसाला दारातच, सगळ्यांकडे पाठ करून, मिनिटभर उभं राहावं लागलं. त्या मिनिटात त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हल्ली ते कशानेही यायचं, आणि एकदा आलं की थांबवू म्हणता थांबायचं नाही. हेही आजारातलंच आहे, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, आपण म्हातारे झालो.

गोळ्या मात्र चालू होत्या. मळमळ व्हायची, सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. पाय होते तिथेच. सहा महिने हे पाहिल्यावर एक दिवस बायकोने जेवताना विषय काढला.

"आमच्याकडे एक गाडी होती. रोज पाव तास उशिरा यायची. वर्कशॉपवाल्यांनी इंजिन उघडलं, गिअर बदलले, सगळं केलं. गाडी पाव तास उशिराच. शेवटी कळलं, ब्रेक चिकटत होता."

"मग मी काय गाडी आहे?"

"गाडी असतात तर मी कधीच दुसऱ्या वर्कशॉपला पाठवलं असतं. उद्या माझी सुट्टी आहे. आपण शहराच्या हॉस्पिटलात जाऊ. तिथे मेंदूची एक नवीन डॉक्टरीणबाई आलीय. आमच्या कंट्रोलरच्या सासूला तिनेच पाहिलं. वेळ देते म्हणे."

"मोठ्या डॉक्टरांपुढे ती काय सांगणार?"

"ऐकून तरी घेईल," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाई पस्तीस-छत्तीसची, बारीक चणीची, केस घट्ट बांधलेली बाई होती. तिने वस्तादांना तपासलं ते पाऊण तास. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर भराभर आपटायला लावलं, मूठ उघडमीट करायला लावली, वीसपर्यंत मोजत. मग खोलीबाहेरच्या लांब व्हरांड्यात चालवलं. दारात वस्ताद थिजले तेव्हा तिने हात धरला नाही, नुसती आपली चप्पल त्यांच्या पायापुढे आडवी ठेवली आणि म्हणाली, "ही ओलांडा." त्यांनी ती सहज ओलांडली. स्वतःच चकित होऊन त्यांनी मागे वळून चपलेकडे पाहिलं. वळायला आठ पावलं लागली.

"आता मला हे कधीपासून, ते सांगा," ती बायकोला म्हणाली.

तीस वर्षं ज्या प्रश्नाची तयारी केली तो प्रश्न अखेर कुणीतरी विचारला, अशा थाटात बायकोने सांगितलं. तारीख, वार, वेळ. सहा मिनिटं, अकरा मिनिटं, एकोणीस. मध्ये किती महिने जैसे थे. डॉक्टरीणबाईचं पेन थांबलं.

"म्हणजे उतारावरून घसरल्यासारखं नाही. पायरी उतरल्यासारखं."

"बरोब्बर. एक पायरी मार्चमध्ये, एक ऑगस्टमध्ये. मोठ्या डॉक्टरांनाही मी हेच सांगत होते."

डॉक्टरीणबाईने ते लिहून घेतलं. तिने रक्तदाब पाहिला. एकशे ऐंशीच्या वर. गोळी कधी घेता, असं विचारल्यावर वस्तादांनी छताकडे पाहिलं.

तिने मेंदूचा स्कॅन करून घेतला आणि फिल्म काचेवर लावून दोघांना दाखवली. करड्या मेंदूच्या आत, खोल, दोन्ही बाजूंना पांढरे ढग पसरले होते, आणि त्यांच्यात टाचणीने टोचावेत तसे काही काळे ठिपके.

"आत फार बारीक रक्तवाहिन्या असतात," ती म्हणाली. "तुमच्या ब्रशच्या केसापेक्षा बारीक. वर्षानुवर्षं दाब जास्त राहिला की त्या जाड होतात, तुंबतात. तेवढा तेवढा भाग वाळतो. पायांना चाल सांगणाऱ्या तारा याच भागातून खाली येतात. त्या तुटल्या तर माणूस पार्किन्सनसारखाच चालतो. पण कारण वेगळं. खऱ्या पार्किन्सनमध्ये डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी मरतात, ती गोळी त्याचीच भरपाई करते. तुमचं रसायन जर मुळात शाबूत असेल, तर गोळी कशाची भरपाई करणार?"

"म्हणजे ब्रेक," बायको वस्तादांना म्हणाली.

"पण मी एवढ्यावर छातीठोक बोलणार नाही," डॉक्टरीणबाई पुढे म्हणाली. "असे ढग रक्तदाबाच्या पुष्कळ माणसांत दिसतात आणि ती माणसं ताठ चालतात. असा वेगळा आजार आहे की नाही, यावर आमच्यातच दोन तट आहेत. म्हणून आपण दोन गोष्टी करू. गोळीचा डोस पूर्ण वाढवू आणि दोन महिने बघू, म्हणजे कमी दिला म्हणून लागू पडला नाही, असं कुणाला म्हणता येणार नाही. आणि एक दुसरा स्कॅन करू, डोपामिनचा."

दोन महिने बायकोने रोज चाल मोजली. एकोणीस मिनिटं ती एकोणीसच राहिली. दुसरा स्कॅन आला तो जवळजवळ निरोगी माणसासारखा. ज्या जागी खऱ्या पार्किन्सनचा उजेड विझतो, तिथे दोन्हीकडे लख्ख उजेड होता.

"माझी खात्री झाली," डॉक्टरीणबाई म्हणाली. "पण गोळ्या मोठ्या डॉक्टरांनी चालू केल्यात, आणि ते आमच्या गुरुवारच्या बैठकीला येतात. तिथे आम्ही अवघड केस सगळ्यांपुढे मांडतो. तुमची मांडू का? तुम्हाला यावं लागेल."

"येईन की," वस्ताद म्हणाले. "येताना माझं सामान आणलं तर चालेल?"

गुरुवारी सकाळी हॉस्पिटलच्या व्याख्यानाच्या खोलीत तीसेक डॉक्टर बसले होते. पहिल्या रांगेत मधोमध मोठे डॉक्टर. वस्ताद दारात थिजले, तेव्हा बायकोने छत्री आडवी धरली. ती ओलांडून ते आत आले. सगळ्यांनी ते पाहिलं. डॉक्टरीणबाईने फिल्म दाखवल्या, तारखा सांगितल्या, गोळ्यांचा हिशेब सांगितला.

मोठ्या डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं आणि मग ते म्हणाले, "कंप नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. माझ्या दहातल्या तीन रोग्यांना तो नसतोच. आणि हे पांढरे डाग माझ्या मेंदूतही निघतील. डागांवरून आजाराला नवं नाव द्यायचं म्हटलं, तर या वयाच्या अर्ध्या शहराला द्यावं लागेल."

खोलीत थोडा हशा पिकला. वस्तादांना मोठ्या डॉक्टरांचा राग आला नाही, कारण माणूस बोलत होता ते नीट बोलत होता.

"सर, कंपावर मी बोट ठेवतच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. तिचा आवाज जरा चढला होता. "वेगावर ठेवते. कंप नसला तरी पार्किन्सनमध्ये हात मंदावतो, हालचाल करता करता आखडत लहान होते. अक्षर बारीक होत जातं. या माणसाचा कमरेवरचा भाग मंदावलेलाच नाही. तो आणि खालचा भाग, ही दोन वेगवेगळी माणसं आहेत."

"बोटं आपटण्यावरून?"

"बोटं कशाला?" वस्ताद मध्येच म्हणाले. त्यांनी मांडीवरची पिशवी उघडली. आतून वाटी निघाली, ब्रश निघाला, साबण, पांढरं कापड, आणि सगळ्यांत शेवटी घरचा जुना वस्तरा. "मला चाळीस वर्षांत एवढंच येतं. कुणी बसा, म्हणजे काय ते दिसेल."

बायको कुजबुजली, "अहो, हात दाखवून अवलक्षण नको."

"अवलक्षण कुणाचं होतंय ते बघू."

रोज माणसांच्या डोक्यात डोकावणारी तीस माणसं, पण मान पुढे करायला एकही उठेना. कुणी कागद चाळू लागला, कुणाला खोकला आला. एकाने आपली दाढी आजच झाल्याचं शेजाऱ्याला दाखवलं. आणि मग पहिल्या रांगेतून मोठे डॉक्टर उठले. त्यांनी कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला, टाय सैल केला.

"निदान मी केलंय. तेव्हा बसायचंही मीच."

वस्तादांनी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं. फेस घुसळताना ब्रश वाटीत इतका भराभर फिरला की मागच्या रांगेतली दोघं उभी राहिली. मग वस्तरा उघडला. उजव्या कल्ल्यापासून खाली, लांब, एका दमात. मग जबड्याच्या कडेवरून. मग वरच्या ओठावर छोटे छोटे, शिलाईच्या टाक्यांसारखे हात, पहिला हात जेवढा तेवढाच शेवटचाही. खोलीत वस्तऱ्याचा खरखर आवाज तेवढा येत होता. हनुवटीखालच्या खळग्याशी मोठ्या डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. वस्तादांना ते ओळखीचं होतं. चाळीस वर्षांत हजारो माणसांनी तिथेच डोळे मिटले होते, आणि आठ महिन्यांत कुणीही नाही.

मग डाव्या गालाकडे जायची वेळ आली आणि पाय अडले. खुर्चीला वळसा घालायचा तीन पावलांचा, पण वस्ताद जागच्या जागी टाचा घासत राहिले. वस्तरा धरलेला हात हवेत, निवांत, स्थिर. कमरेखाली मात्र नुसती चुळबुळ. मोठ्या डॉक्टरांनी डोळे उघडून आधी तो हात पाहिला, मग मान न हलवता खाली पाय पाहिले. बराच वेळ पाहिले.

"साहेब," वस्ताद म्हणाले, "माझ्याच्याने फिरवत नाही. तुम्हीच जरा फिरता का?"

मोठे डॉक्टर खुर्चीसकट फिरले. डावा गाल समोर आला. दोन मिनिटांत काम झालं. टॉवेलने चेहरा पुसून मोठ्या डॉक्टरांनी गालांवरून उलटा हात फिरवला.

"एवढी गुळगुळीत माझ्या लग्नातही झाली नव्हती," ते म्हणाले, आणि या वेळी सगळे मोकळेपणाने हसले. मग ते गंभीर झाले. "या माणसाच्या बाबतीत मी चुकलो. घाईघाईत, दहा मिनिटांत तपासलं आणि चुकलो. हा वेगळा आजार म्हणून पुस्तकात घालावा का, यावर मी अजून भांडेन. पण याला डोपामिनची गरज नाही. गोळ्या हळूहळू बंद करा, एकदम नको. रक्तदाब आणा ताब्यात. नावाचं काय, काहीही द्या."

"काहीही कसं?" वस्तादांची बायको उभी राहिली. एवढ्या डॉक्टरांपुढे आपण बोलतोय याचं तिला भान नव्हतं. "डॉक्टर, नावानेच तर आमचं दुकान रिकामं केलं. यांचे हात एकदाही हलले नाहीत, तुमचा शब्द हलला. लोकांना पाय दिसत नाहीत हो, शब्द ऐकू येतो."

मोठ्या डॉक्टरांनी कोटाच्या खिशातलं पेन काढलं. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "मी लिहून देतो. माझ्या हाताने."

त्यांनी लिहिलं की यांना रक्तवाहिन्यांमुळे पायांच्या चालीचा आजार आहे, हातांना कोणताही दोष नाही, आणि हे मी स्वतः अनुभवलं आहे. वस्तादांनी तो कागद चौकटीत घालून आरशाशेजारी टांगला. चार दिवस तो सगळ्यांनी वाचला आणि पाचव्या दिवशीही सगळे म्हणाले, "आज फक्त केस."

कोंडी फोडली ती धाकट्याने. केसाने गळा कापल्याच्या बोलण्यानंतर दोघा भावांत कामापुरतंच बोलणं होतं. शनिवारी सकाळी बाक गच्च भरलेला असताना धाकटा वरच्या फळीवरची पेटी घेऊन आला, वस्तरा दादाच्या हातात दिला आणि स्वतः पहिल्या खुर्चीत जाऊन बसला. आठवड्याची दाढी वाढवली होती त्याने.

"कर," तो म्हणाला.

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. तू रागावलेला आहेस अजून."

बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. वस्तादांनी फेस लावला. आता वळसा घालायचा प्रश्न नव्हता. त्या बैठकीतच त्यांच्या डोक्यात लख्ख पडलं होतं. दुकानातली खुर्ची फिरती होती, चाळीस वर्षं होती, आणि चाळीस वर्षं ते वेड्यासारखे तिच्याभोवती फिरत होते. त्यांनी पाय रोवून एका जागी उभं राहून खुर्चीलाच हलका धक्का दिला. धाकटा फिरला. गळ्याशी आल्यावर त्याने मान मागे टाकली, ती लहानपणी टाकायचा तशीच, सैल. वस्तादांनी खळग्यातून वस्तरा अलगद वर आणला.

"पुढचा?" वस्तादांनी विचारलं. तीन माणसं एकदम उठली.

गोळ्या सुटायला दोन महिने लागले, आणि सुटल्यावर मळमळ गेली, अंधारी गेली. पाय बरे झाले असं मात्र नाही. डॉक्टरीणबाईने स्पष्ट सांगितलं होतं, वाळलेला भाग परत हिरवा होत नाही. आपल्या हातात आहे ते पुढची पायरी टाळणं. रक्तदाबाच्या गोळ्या, रक्त पातळ ठेवायची गोळी, रोज ठरलेल्या वेळेला, आणि ती वेळ पाळायला घरात टाइमकीपर होतीच. सिगारेट सोडताना वस्तादांनी तीन आठवडे सगळ्या जगाशी भांडण केलं. हॉस्पिटलमधला व्यायाम शिकवणारा दणकट गृहस्थ त्यांना "एक, दोन, मोठं पाऊल" असं सैन्यासारखं ओरडून चालवायचा. त्याने दुकानाच्या फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवायला सांगितल्या. पट्टी दिसली की पाय उचलतो. का, हे त्याला नीट सांगता आलं नाही, पण उचलायचा खरा. एकोणीस मिनिटांची पंधरा झाली. वस्ताद म्हणाले, रस्त्यातली गर्दी कमी झालीय.

सव्वा वर्ष असं बरं गेलं. मग एका सोमवारी सकाळी बूट घालताना त्यांचा डावा पाय जड झाला आणि चेहऱ्याची डावी कड किंचित खाली आली. पूर्वी असतं तर ते म्हणाले असते, थांबलोय जरा. या वेळी त्यांनी स्वतःच हाक मारली, "अगं, आली बघ तिसरी पायरी." बायकोने बुटाचा बंद बांधायचाही वेळ घेतला नाही. चाळीस मिनिटांच्या आत ते हॉस्पिटलात होते, डॉक्टरीणबाईला निरोप गेला होता, आणि नेमकं काय होतंय हे दारातल्या शिपायापासून सगळ्यांना एका वाक्यात सांगणारी बाई सोबत होती. रक्ताची गाठ विरघळवायचं औषध वेळेत मिळालं. संध्याकाळी चेहरा सरळ झाला. पाय चार दिवसांनी पूर्वीच्या ठिकाणी आला.

"तुम्ही दोन तास घरी बसला असतात तर इतकं भरून आलं नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"कसला आजार आहे ते माहीत होतं," बायको म्हणाली. "मग बसायचं कशाला?"

बाराव्या दिवशी वस्ताद दुकानात आले. धाकट्याने उंबरा फोडून जमीन सपाट करून घेतली होती. त्यावरून दोघांची थोडी वादावादी झाली, कारण गवंड्याने सिमेंट ओबडधोबड लावलं होतं आणि ओबडधोबड काम वस्तादांना कधीच खपत नसे. मग त्यांनी कापड झटकलं आणि पहिल्या गिऱ्हाइकाला हाक मारली. त्या दिवशी त्यांनी सात दाढ्या केल्या. संध्याकाळी त्यांचे पाय चांगलेच दुखत होते, सबंध दिवस उभं राहून काम केलेल्या माणसाचे दुखतात तसे, आणि त्याबद्दल त्यांनी घरी जाताना बायकोकडे भरपूर कुरकुर केली.